वहिनीची शेवंती आणि दादाची लाइट

मला उजेडाचा राग येतो. बाईमाणसानं असं म्हटलं की लोक चमकून बघतात, कारण शहाण्या माणसानं अंधाराला नावं ठेवायची आणि उजेडाला हात जोडायचे, अशी आपल्याकडं रीत आहे. पण मी नर्स होते. निम्मी नोकरी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात रात्रपाळीनं काढली. रात्रंदिवस ट्यूबलाइटीखाली पडलेली माणसं भर दुपारी उठून दात घासायला पाणी मागायची, आणि पहाटे "जेवण का आलं नाही" म्हणून माझ्यावर खेकसायची. त्यांचा आजार बरा व्हायचा, पण रात्र कुठं हरवली ते त्यांना घरी जाईपर्यंत सापडायचं नाही.

आता रिटायर होऊन संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत राहते. इथं खिडकीला लागून खांबावरची पांढरीफटक लाइट, आणि स्टेशनच्या बाजूनं मंगल कार्यालयाचे आभाळात फिरणारे झोत. समोरच्या लिंबावरचे कावळे रात्री-बेरात्री उठून भांडतात. मी जाड पडदे शिवून घेतले, तर शेजारीण म्हणाली, "एवढी भारी लाइट दारात आली, अन् तुम्ही पडदे लावता व्हय?" जणू मी दारी आलेल्या लक्ष्मीला चप्पल दाखवली.

पण माझ्या रागाचं खरं मूळ मुकुंदवाडीत नाही. ते गावाकडं, माझ्या थोरल्या भावाच्या दारात उभं आहे.

आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं, फाट्यावरून आत. घरची जमीन बऱ्यापैकी, आणि जमिनीपेक्षा दादाचा रुबाब जास्त. शेतात काय पेरायचं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, मायच्या कुठल्या डोळ्याचा मोतीबिंदू आधी काढायचा, सगळं दादा ठरवणार. मायचं ऑपरेशन त्यामुळं कितीक वर्षं झालंच नव्हतं. दादाचं डोळा ठरवणं चालू होतं.

वहिनी या घरात आली ती कन्नडच्या बाजूनं, घाटाजवळच्या गावातून. आल्यापासून खुरपणी तिची, वेचणी तिची, गडीमाणसांच्या भाकरी तिच्या. पण कुठल्या रानात कुठलं बी पडणार, हे तिला पेरणीच्या दिवशी कळायचं. त्या साली तिनं पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं. घराला लागून दहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. त्यात तिला शेवंती लावायची होती. तिच्या माहेरी शेवंतीचा मळा होता, लहानपणापासून ती त्यात वावरलेली.

दादा तेव्हा ओट्यावर चार माणसांत बसला होता. चार माणसं असली की त्याला औदार्याची उबळ येते.

"लाव की," तो म्हणाला. "दिवाळीला फूल दिसलं तर तुकडा तुझा. पुढं त्यात काय लावायचं ते तू ठरव, मी तोंड घालायचो नाय. अन् नाय दिसलं तर पाडवा झाला की ऊस."

माणसं हसली, कारण दादाच्या ओट्यावर येणारी माणसं हसायलाच येतात. वहिनी हसली नाही. दहा गुंठे म्हणजे काही जहागीर नव्हे, पण उभ्या संसारात तेवढी एक जागा अशी होणार होती, जिथं काय उगवायचं ते तिला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. ती "व्हय" म्हणाली आणि आत गेली.

रस्त्यापलीकडं मेंढरं राखणारं एक कुटुंब राहतं. त्यातल्या म्हाताऱ्या मावशीला सांगून वहिनीनं उन्हाळ्यातच त्या तुकड्यात मेंढरं बसवून घेतली. आमच्याकडची ही जुनी रीत. कळप रात्रीचा रानात बसवायचा, लेंड्यांनी आणि मुतानं जमीन तयार होते. मग तिनं माहेराहून शेवंतीची रोपं आणली, लावली, शेंडे खुडले. श्रावण लागला तेव्हा रोपं गुडघ्याला आली होती, आणि वहिनी त्यांच्यात उभी राहून एकटीच हसताना मी बघितली होती. त्याआधी या घरात ती एकटीनं हसलेली मला आठवत नाही.

आणि त्याच पावसाळ्यात गावाला हायमास्ट मंजूर झाला. एकच. उंच खांब, वर दिव्यांचं गोल कडं, सोलरची पाटी आणि बॅटरी, म्हणजे गावची वीज गेली तरी हा जळत राहणार. डोकं ठिकाणावर असलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की खांब फाट्यावर लावा. तिथं कॉलेजच्या पोरी दिवेलागणीला एसटीतनं उतरतात आणि मोबाइलच्या उजेडात चिखल तुडवत गाव गाठतात. खालच्या आळीत आमची भावकी राहते, दादाचं आणि त्यांचं आजोबांपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांना खांब त्यांच्या दारात पाहिजे होता. हे कळल्यावर दादाला जेवण गोड लागेना. संभाजीनगरच्या खेपा सुरू झाल्या, आमदारसाहेबांच्या बंगल्याबाहेर ताटकळणं झालं, आणि अखेर खांब आमच्या दारात, रस्त्याच्या कडेला, वहिनीच्या तुकड्याच्या डोक्यावर उभा राहिला. फाट्यावरच्या पोरींना एवढा फायदा झाला की चिखलात उभं राहून त्यांना दुरून आमचं घर छान दिसायला लागलं.

"खांब कुणाच्या दारात हाय त्यावरून गावात कोण हाय ते कळतं," दादा म्हणायचा. गावाचा हायमास्ट तेव्हापासून दादाची लाइट झाला.

उद्घाटन पंधरा ऑगस्टला होतं. झेंडावंदन सकाळीच झालं होतं, साहेब दिवस कलल्यावर आले. भाषणात म्हणाले, निजामाच्या राज्यात या गावात अंधार होता. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पण अंधार मागं राहिला होता, तो आम्ही आज घालवतो आहोत. टाळ्या पडल्या. माय माझ्याशेजारी सतरंजीवर बसली होती. ती म्हणाली, "रझाकाराच्या टायमाला आमी दिवं विझवून बसायचो. त्या अंधारानंच वाचवलं." मी तिला गप्प बसवलं. स्टेजवर ऐकू गेलं असतं तर या वयात ती निजामाची माणूस ठरली असती.

साहेबांसाठी टेबलावर झेंडूच्या माळेत एक लाल बटण ठेवलं होतं. पण भाषण लांबलं, तिन्हीसांजा झाल्या, आणि साहेबांचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत वरची लाइट आपली आपण लागली. क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग साहेबांनी तरीही बटण दाबलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्या दारात तोही शिल्लक राहिला नाही.

पहिल्याच संध्याकाळी सगळ्या शिवारातले किडे, पाखरं, भुंगेरे निमंत्रण दिल्यासारखे आमच्या अंगणात आले. पिठल्यात पडले, पाण्याच्या तांब्यात पडले, पावण्यांच्या टोपीवर बसले. त्यांच्यामागं बेडूक आले आणि खाऊन खाऊन एवढे माजले की उडी मारायची विसरले, नुसते खांबाखाली तोंड उघडून बसायचे. दादाच्या ओट्यावरच्या माणसांत आणि त्यांच्यात मला फारसा फरक दिसेना. ओढ्याच्या बाजूला पावसाळ्यात काजवे असायचे, ते त्या साली कुणाला दिसले नाहीत. दादा म्हणाला, एवढी मोठी लाइट असताना काजव्याचं काय कौतुक?

मग कोंबडे. आमच्याकडं अवेळी आरवलेला कोंबडा अपशकुनी, तो कापायचा, हा नेम. लाइट लागली तसा आळीतला एकेक कोंबडा जेवणं व्हायच्या आतच बांग द्यायला लागला. बिचाऱ्यांचं काय चुकलं, त्यांना उजाडलेलं दिसत होतं. पण नेम म्हणजे नेम. श्रावण होता म्हणून शिक्षा झालेले कोंबडे डालग्याखाली थांबले आणि तिथूनही आरवत राहिले. श्रावण सरला तसा आज यांचा, उद्या त्यांचा, असं करत दसऱ्याआधी आळीत कोंबडा औषधाला उरला नाही. लोक रस्सा ओरपत एकमेकांना सांगायचे की गावावर काहीतरी संकट येणार, एवढे कोंबडे एकदम कधी बिघडले नव्हते. वर बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

माय संकष्टी धरते. चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाही. लाइट आल्यावरच्या पहिल्या संकष्टीला ती अंगणात आली, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी वर बघितलं, हात जोडले, फूल वाहिलं आणि दिवेलागणीलाच जेवून मोकळी झाली. "चंद्र आता टायमावर यायलाय," मला म्हणाली. "पहिल्यावाणी ताटकळत ठेवत नाय." मी दादाला सांगितलं, अरे, मायचा उपास मोडतोय. त्यावर तो म्हणाला, "म्हातारी लवकर जेवायली तर तुझं काय जातं?"

आणि दादा स्वतः? तो ओट्यावर झोपायचा, कारण लाइट त्याची होती आणि ती सोडून आत जाऊन झोपणं म्हणजे हार. दवाखान्यात काविळीच्या बाळांना निळ्या लाइटीखाली ठेवताना डोळ्यांवर पट्टी बांधतात, तसा तो डोळ्यांवर टॉवेल बांधून पडायचा. सकाळी डोळे लालबुंद, आणि दिवसभर ज्याच्या-त्याच्यावर भडकणं. मी विचारलं, झोप लागते का? "लई गाढ," म्हणाला आणि बोलता बोलता खुर्चीत पेंगला.

रस्त्यापलीकडं मावशीची मेंढरं रात्रभर उभी राहायला लागली. बसेनात, रवंथ करेनात. मावशीचं म्हणणं, खांबाचा खड्डा बिरोबाच्या जुन्या दगडाजवळ खणला, म्हणून देव कोपला. तिनं मेंढरांचा वाडा उठवून ओढ्यापलीकडं नेला. दादा म्हणाला, बरं झालं, वास गेला.

या सगळ्यात शेवंती मात्र जोरात होती. भाद्रपदात ती कमरेला लागली. काळीशार हिरवी पानं, खोडं बोटाएवढी. लोक बघायला यायचे. दादानं तर नवंच शास्त्र काढलं. "दुसऱ्याचं पीक दिवसा वाढतं, माझ्या लाइटीखाली रातीबी वाढतं. दोन शिफ्टा." देवगावची चार शहाणी माणसं हे ऐकून गेली आणि आपल्या वावरात हायमास्ट मिळेल का, म्हणून चौकशी करायला लागली. खोटं सांगत नाही.

फक्त कळी धरेना.

नवरात्र तोंडावर आलं. कन्नडच्या आठवडी बाजारात शेवंतीच्या पाट्या दिसायला लागल्या. वहिनीच्या माहेरी, त्याच रोपांना, कळ्या फुटून रंग दिसत होता. इथं नुसता पाला. वहिनी रोज सकाळी उठून एकेक झाड हातानं फाकून शेंड्यात बघायची. आधी गडबडीनं बघायची, पुढं पुढं हळूहळू, दवाखान्यात नातेवाईक रिपोर्टचा कागद उघडतात तसं. तिचं जेवण कमी झालं. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, ऊस आला तर मी ह्या घरात पुन्हा कायबी मागणार नाय."

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. औषधाच्या दुकानदारानं फवारणी दिली, तिनं पानं आणखी चकचकीत झाली. शेजारणीनं काळी बाहुली बांधायला लावली. मीसुद्धा दवाखान्यातल्या सवयीनं म्हटलं, काहीतरी कमी पडत असेल, ताकदीचं काही घाला. मग दादानं निदान केलं. मेंढरं लई बसवली, रान माजलं, म्हणून फूल नाही, पाला आला. मावशी आमच्या दारावरून जाताना त्यानं तिला चार माणसांत झापलं. म्हातारी म्हणाली, "पाटील, ह्या मेंढरांनी तुमच्या बापाचं रान पिकवलं, तवा नाय माजलं." दादानं घराकडं वळून, वहिनीला ऐकू जाईल असं म्हटलं, "काय असतं, हाताला गुण लागतो माणसाच्या."

वहिनी चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. मला त्या दिवशी दादाचा एवढा राग आला की त्याचं ताट मी वाढलं नाही.

दसऱ्याला मी पुन्हा गावी गेले. बसमधून उतरून घरी पोचले, पदरानं घाम पुसते तोवर वहिनीनं माझा हात धरला. "चला, एक दाखवते." तुकड्याच्या रस्त्याकडच्या कडेला दादाचा फ्लेक्स होता. पोळ्याच्या सुमाराला त्याचा वाढदिवस असतो. त्या वर्षी ओट्यावरच्या मंडळींनी चांगला जाड, काळ्या पाठीचा फ्लेक्स लोखंडी चौकटीत ठोकून उभा केला होता. डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले, खाली 'गावाला उजेड देणारे नेतृत्व'. वाढदिवस कधीच होऊन गेला होता, पण आमच्याकडं फ्लेक्स काढण्याची पद्धत नाही, तो वाऱ्यानं फाटायची वाट बघतात.

वहिनीनं मला फ्लेक्सच्या मागं नेलं. तिथं शेवंती फुलली होती. पिवळीधमक, एकेका झाडाला ओंजळभर फुलं. पण तेवढीच. एक पट्टा, फ्लेक्सएवढा रुंद, आत गेला की संपला. त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवाकंच पाला, एक कळी नाही. खांबाच्या दिव्यांची आणि फ्लेक्सची रेघ जुळवली तर पट्टा कुठं संपतो हे पोरानंही सांगितलं असतं. दादाची सावली पडत होती तेवढ्यातच फूल आलं होतं.

वहिनीनं पट्ट्यातल्या एका झाडाचा आणि बाहेरच्या एका झाडाचा शेंडा हातात धरला.

"खत एकच, पाणी एकच, मेंढरंबी सगळीकडं सारखीच बसली," वहिनी म्हणाली. "मग हितंच कामून?"

"इथं लाइट येत नाही," मी म्हटलं आणि मला वॉर्डातली ती माणसं आठवली, दुपारी दात घासायला पाणी मागणारी. "वहिनी, हिला रात्र झालेली कळतच नसेल."

"दिवस लहान व्हायला लागला की शेवंतीला कळी धरती. बाबा म्हणायचे," ती म्हणाली. "हिला अजून जेठच चाललाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस तिलाही वाटायला लागलं होतं की खरंच आपल्या हाताला गुण नाही. आता तिला कळलं की हात बरा आहे. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि लाइट बंद झाल्याशिवाय बाकीचा तुकडा फुलणार नव्हता.

आम्ही त्याच दिवशी दादाला सांगितलं. मागं नेऊन दाखवलं. तो फ्लेक्सच्या मागं उभा राहून फुलांकडं बघत राहिला.

"म्हंजी माझ्या फोटोमागं आलीत," तो म्हणाला.

"तुझ्या सावलीत आलीत," मी म्हटलं. "लाइट रात्रीची बंद ठेव. दिवाळीपर्यंत कळी तरी धरेल."

"येडी का खुळी तू? फुलापायी गावाची लाइट बंद करू? खालच्या आळीला हेच पायजे. म्हणतील, बघा, दारात आणली पर झेपली नाय."

"आणि वहिनीचं?"

"शर्त शर्त असती," तो म्हणाला आणि निघून गेला. इतक्या तातडीनं गेला की मला त्याचं नवल वाटलं. दादा वाद अर्धा सोडून जाणारा नव्हे.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला वहिनीनं त्या पट्ट्यातली फुलं काढली, तोरण केलं, पाटाभोवती ठेवली आणि सगळ्यांदेखत दादाला म्हणाली, "फूल दिसलं." तिला हे बोलायला किती बळ लागलं असेल ते मी जाणते. दादानं तोरणाकडं बघितलं. "मूठभर फुलाला पीक म्हणत्यात व्हय? अन् तेबी माझ्या फ्लेक्सनं आणलेलं." ओट्यावरची माणसं हसली. पाडव्याला उसाचं बेणं येऊन भिंतीला टेकलं.

भाऊबीजेसाठी मी मनाशी ठरवून बसले होते. बहिणीला ओवाळणी नाही म्हणणारा भाऊ आमच्याकडं अजून जन्माला यायचा आहे, आणि दादाला तर चार माणसांत नाही म्हणणं जमतच नाही. तिन्हीसांजेला अंगणात पाट मांडला. वैर पुरुषांचं, सणाला बायका येतातच, तशा भावकीतल्या दोघी-तिघी, ओट्यावरची मंडळी, माय, सगळे होते. वर लाइट अशी भगभगत होती की माझ्या निरांजनाची वात पेटली आहे की नाही हे बोट जवळ नेऊन बघावं लागलं. मी ओवाळलं. दादानं खिशात हात घातला.

"पाकीट नको," मी म्हटलं. "वहिनीचा तुकडा पाहिजे. ऊस लावायचा नाही. तुकडा तिचा, काय लावायचं ते तिनं ठरवायचं."

दादानं चारी बाजूला बघितलं आणि छाती फुगवली. "दिला," तो म्हणाला. "बहिणीनं मागितला, दिला. काय समजलात?"

मंडळींनी माना डोलावल्या. भाऊ असावा तर असा, वगैरे सुरू झालं. मीही जिंकल्यासारखं वहिनीकडं बघितलं. ती दाराशी उभी होती. तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही मागितला अन् लगेच मिळाला. मी मागितला तवा शर्त लावली."

मी तबक हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती खरं बोलत होती, आणि मी केलेलं पुण्य माझ्याच तोंडावर पडलं होतं.

"अन् नुसता तुकडा घेऊन मी काय करू?" ती आता दादाकडं वळली. लग्नानंतर चार माणसांत ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती. "लाइट बंद व्हती का, तेवढं सांगा."

दादानं टोपी काढली, पुन्हा घातली. पाटावरून उठला नाही. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "नाय होत."

"होत नाय का करत नाय?"

"होत नाय म्हणतो ना. बटणच नाय तिला. अंधार पडला की आपली आपण लागती, उजाडलं की जाती. पेटी सीलबंद हाय. ठेकेदाराकडं जाऊन आलो, हापिसात जाऊन आलो. रातच्याला डोळ्याला डोळा लागत नाय माझ्या, म्हणून म्हटलं थोडी बंद ठेवा. हसले माझ्यावर. म्हणले, पाटील, तुम्हीच तर मागून घेतली."

"मग एवढे दिवस 'बंद करणार नाय' म्हणून बोंब मारत होतास, ते?" मी विचारलं.

"मग काय सांगू?" तो माझ्यावर उखडला. "माझ्या दारातली लाइट माझं ऐकत नाय, म्हणून दवंडी पिटू का गावात?"

कुणी हसलं नाही. हसायला आलेली माणसंसुद्धा हसली नाहीत. भावकीतल्या दोघींनी पदर तोंडाला लावला, तेवढंच. मला दादाची पहिल्यांदा कीव आली. शहराच्या खेपा करून, साहेबांपुढं वाकून, खालच्या आळीची जिरवून त्यानं आणलं काय, तर आपलीच झोप खाणारा एक खांब, आणि तो परत करायची सोय नाही.

वहिनीनं वर खांबाकडं बघितलं. मग तुकड्याच्या कडेला बघितलं. ती रागावलेली नव्हती. बाजारात भाव पटल्यावर बाई जशी पिशवी पुढं करते, तसं ती बोलली.

"बरं. मग म्होरच्या साली तुमचे फ्लेक्स लावा कडेनं. एकावर एक, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधी फट नको. तेवढा अंधार तर तुम्हाला पाडता येतो."

दादानं लावले. दुसऱ्या वर्षी श्रावणाआधीच लावले, उंच चौकटीत एकावर एक, गॉगल घातलेले, हात जोडलेले, फेटा बांधलेले, एकापुढं एक दादा, रस्त्याकडची सगळी कड भरून. ठोकताना तो स्वतः उभा होता, फट राहू नये म्हणून. त्या दिवाळीला तुकडा बांधापासून बांधापर्यंत पिवळा झाला. गावात तो अजून सांगतो की फुलं त्याच्यामुळं आली, आणि यात खोटं काही नाही, म्हणून वहिनी त्याला सांगू देते.

यंदा मी उन्हाळ्यात गेले तेव्हा तुकडा नांगरून पडला होता. वहिनी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. दादा आला, खुर्चीत बसला, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग घसा साफ करून तिला म्हणाला, "औंदा काय लावायचं म्हणतीस त्यात?"

वहिनीनं हातातली पाकळी सोलून टोपलीत टाकली.

"बघते," म्हणाली. "ठरवलं नाय अजून."